बावीस पोरं, एक कोर्स

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं तालुक्याच्या गावी तरुण मंडळ आहे. गणपती, शिवजयंती तर करतोच, पण दोन वर्षांपूर्वी वाटलं की पोरं चौकात नुसती बसून असतात, त्यांच्यासाठी काहीतरी करूया. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, थोडे पैसे मिळाले, समाजमंदिरात तीन महिन्यांचा कोर्स घेतला, कॉम्प्युटर, इंग्लिश स्पीकिंग आणि मुलाखत कशी द्यायची. २२ पोरंपोरी होती. सर्टिफिकेटं वाटली, फोटो झाले. आज त्यातले तिघं कामाला लागले आणि त्यातलाही एक परवा पुण्याहून परत आला. आता सगळे म्हणतात ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे करा. आम्ही चार जण, शेती-नोकरी सांभाळून हे करणारे, २२ जणांना २२ कोर्स कुठून आणायचे?
– एक कार्यकर्ता, सांगली जिल्हा

उत्तर : अहो दादा, कोर्स द्यायचेच नाहीयेत तुम्ही. कोर्स बाहेर ढिगाने पडलेत. तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याच ट्रेनिंग सेंटरकडे नाही, तुम्हाला त्या पोराचं घर माहितीय, बाप काय करतो माहितीय, पोरगं दुपारी कुठल्या टपरीवर असतं तेही माहितीय.

माझीच एक फजिती सांगते. आमच्या गटात एक मुलगी होती, बी.कॉम., हिशोबाचं टॅली एकदम पक्कं, तीन ठिकाणी लागली आणि तिन्ही ठिकाणी महिन्याच्या आत सुटली. आम्ही ठरवून टाकलं की हिचं मन लागत नाही, आत्मविश्वास कमी आहे, आणि तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवलं (आता आठवलं की लाज वाटते). मग एकदा स्टँडवर तिच्याबरोबर बसले होते तेव्हा कळलं की तिच्या गावाची शेवटची एसटी सव्वासहाला आणि दुकानाचा हिशोब बंद होतो साडेसातला. घरात स्कूटी होती, पण ती भावाची. बरं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं, सगळे विचारायचे तुला पुढे काय व्हायचंय. मग भावाशी बोललो, गाडी शिकवली, लर्निंग लायसन्स काढलं, आणि पुढच्या शेठना आधीच विचारलं की पोरगी सकाळी नऊला येईल पण लायसन्स पक्कं होईपर्यंत सहाला सोडाल का. हो म्हणाले! एवढंच होतं ते.

तर तुमच्या २२ जणांचे चार भाग करा, प्रत्येकाकडे पाच-सहा. एक साधी वही घ्या, एकाला एक पान, फॉर्म-बिर्म नको, फॉर्म दिसला की पोरं परीक्षेसारखी उत्तरं देतात. ऑफिसात समोर बसवून नका बोलू, गाडीवर मागे बसवून बाजाराला न्या. काल सकाळपासून काय काय केलंस, इथनं सुरू करा. तासाभरात कळतं की जायचं-यायचं कसं, घरात पैसा कोण आणतं, कागदपत्रं कुठं अडकलीत आणि हाताला काय येतं. मग पानाखाली एकच पुढची गोष्ट लिहायची, तारखेसकट. दहा नाही, एक.

हाताला काय येतं हे नीट बघा बरं का, कारण ते सर्टिफिकेटात कधीच येत नाही. नववीत शाळा सोडलेला एक पोरगा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा, पाणबुडी मोटार उघडून जळालेलं वाइंडिंग वासावरून सांगायचा, आणि आमच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात मान खाली घालून शेवटच्या बाकावर. आयटीआयला दहावीच लागते असं त्याच्या डोक्यात बसलेलं. वायरमन, वेल्डर असल्या काही ट्रेडना आठवी पास चालतं हे त्याला माहीतच नव्हतं. पण वायरमन दोन वर्षांचा आणि घर चालायचं त्याच्या दुकानातल्या पगारावर, मग काय करणार? त्याला वेल्डर धरून दिला, एका वर्षाचा, आणि दुकानमालकाशी संध्याकाळचं बोलून घेतलं. सोबत दहावीचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा, तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरायचा असतो, फेब्रुवारीत आठवण येऊन उपयोग नाही. यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं!

हे कागदांचं मात्र एकेकट्याने करत बसू नका. आधार, दाखला, जातीचा दाखला, बँकेचं खातं, एका रविवारी सगळ्यांचं समाजमंदिरात बसून उरका. जे सगळ्यांचं सारखं आहे ते एकत्रच करावं, उगाच वेगळेपणाचा सोस नको.

पुढची दारं पानाप्रमाणे बदलतात. ज्याला धंदाच करायचाय, शेळ्या, पार्लर, मोबाइल रिपेअर, त्याला जिल्ह्याच्या आरसेटीला, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, पाठवा, बँकेमार्फत चालते, ट्रेनिंग फुकट आणि राहणं-जेवणही तिथंच. ज्याला कारखान्यात हात बसवायचाय त्याला अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी. २०२४ ला आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण आहे, ठराविक महिने कामावर राहून शिकायचं, बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे बरे आहेत, पण माझं मत विचाराल तर मुदत संपली की पोरगं परत पारावर येतं, म्हणून पहिल्या महिन्यातच विचारायचं की इथलं काय शिकून कुठं जाणार.

आणि तो पुण्याहून परत आलेला. त्याला का आलास असं विचारू नका हो, सगळं गाव तेच विचारतंय. तिथं दिवस कसा जायचा ते विचारा. मी बघितलंय ते असं की कामाची अडचण क्वचित असते. एका खोलीत आठ जण, नाइट शिफ्टवरून आलं की झोपायला जागा नाही, पहिला पगार हातात यायला दीड महिना आणि मेसवाला आगाऊ मागतो. पुढच्या वेळी दोघं एकत्र पाठवा आणि पहिल्या महिन्याचं भाडं मंडळाने उसनं द्या, वर्गणीतून निघेल तेवढं. लागल्यावर पहिले दोन-तीन महिने दर रविवारी फोन, नोकरी लागली की आपलं काम संपलं असं आम्हीही समजायचो.

सीएसआरवाल्या साहेबांना आकडा लागतो, तो द्याच, पण किती शिकले हा नको, सहा महिन्यांनी किती जण कामावर होते हा द्या. पहिल्या वर्षी लाजिरवाणा येईल.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो. परीक्षा सोड म्हटलं की तो फोन ठेवतो. काय करू?
– एक आई, लातूर

उत्तर : सोड म्हणू नका. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, त्यामुळे त्याच्या हिशोबाने अजून बारा वर्षं आहेत, आणि तुमच्या हिशोबाने चार वाया गेली, दोघं वेगवेगळं कॅलेंडर धरून बसलाय. एकदा पुण्याला जा, डबा घेऊन, आणि दोन दिवस त्याच्या अभ्यासिकेच्या वेळेनुसार राहून बघा. मग त्यालाच तारीख ठरवू द्या, किती प्रयत्न आणि कधीपर्यंत, आणि ती मोडायची नाही. तोवर अर्धा दिवसाचं काम शोधू दे. चार वर्षं राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र पाठ केलेला मुलगा शाळकरी पोरांच्या शिकवण्या घेऊ शकतो, एखाद्या क्लासचे पेपर तपासू शकतो. आणि पैसे कमी करणार असाल तर आधी सांगून करा, अचानक नको, मेसचं बिल थकलं की पोरं घरी सांगत नाहीत, मित्राकडून उसनं घेतात.