टेलिकॉम कंपनीचा शाश्वतता अहवाल: आधी डिझेल शोधा

तुम्ही एमबीएच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय की अहवालात झाडं, शाळा आणि सीएसआरचे (कंपनीने समाजकामावर करायच्या खर्चाचे) कोटी दिसतात, त्यावरून टेलिकॉम कंपनी किती जबाबदार हे कसं ठरवायचं? टॉवर साइटच्या देखभालीत मी बरीच वर्षं काढली. माझ्या मते त्यावरून काहीच ठरत नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५ बघा. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चायची. नफाच नसेल तर खर्चाचं बंधन उरत नाही. शिवाय धंद्याच्या नेहमीच्या कामावरचा खर्च यात धरता येत नाही. म्हणजे शाळेला संगणक दिले तर सीएसआर, स्वतःच्या टॉवरवरचा धूर कमी केला तर नाही!

पाणी मुरतं ते डिझेलमध्ये. लाइट गेली की साइट बॅटरीवर, बॅटरी उतरली की डीजी (डिझेल जनरेटर) सुरू. तासाला ३ लिटर आणि दिवसाला ८ तास धरले तर वर्षाला ८,७६० लिटर. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकाच टॉवरचे साडेतेवीस टन. (आमचा डीजी कागदावर जेवढा चालायचा तेवढा प्रत्यक्षात कधीच चालला नाही. उरलेलं डिझेल कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये जायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.) दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच सांगितलं होतं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले ५० टक्के आणि शहरांतले २० टक्के टॉवर हायब्रिड ऊर्जेवर (ग्रिडची वीज अधिक सौरसारखी अक्षय ऊर्जा) आणा. तुमच्या कंपनीचा हा टक्का किती, ते शोधा.

सापडेलच असं नाही, कारण मोबाइल कंपनीचे टॉवर बहुतेक वेळा वेगळ्या टॉवर कंपनीकडून भाड्याने घेतलेले असतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केला. त्यातल्या सहाव्या, म्हणजे पर्यावरणाच्या तत्त्वाखाली स्कोप १ (स्वतः जाळलेल्या इंधनाचं उत्सर्जन) आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं) द्यावेच लागतात, स्कोप ३ (पुरवठादार वगैरे इतरांकडून होणारं) मात्र ऐच्छिक. डीजी टॉवर कंपनीच्या ताब्यात असेल तर ते डिझेल तिच्या स्कोप १ मध्ये जातं आणि मोबाइल कंपनीच्या स्कोप ३ मध्ये. मोबाइल कंपनीचा अहवाल मग अगदी धुतल्या तांदळासारखा!

'प्रति टेराबाइट उत्सर्जन घटलं' या वाक्यालाही भुलू नका. २०१६ नंतर डेटाचा वापर इतका वाढला की भागाकार आपोआप लहान होतो. एकूण टन बघा.

मोबाइल कंपनी आणि टॉवर कंपनी, दोन्हींचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. इंडस टॉवर्स ही टॉवर कंपनी सूचीबद्ध आहे, तिचा अहवाल सहज मिळेल. स्कोप १ च्या तक्त्यापासून सुरुवात करा.