पहिलं फूल जास्वंदीचंच घे

फुलाच्या भागांच्या आकृत्या पाठ करत बसू नकोस, आधी एक फूल उकल. जास्वंद घे, पण एकेरी पाकळ्यांची. दुहेरीत बरेच पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारे नर भाग, पाकळ्यांसारखे झालेले असतात, नवख्याचा गोंधळ उडतो. सूर्यफूल तर सध्या नकोच. ते एक फूल नसून शेकडो फुलांचा गुच्छ असतो.

बाहेरून आत जा. हिरवी निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानं, मग पाच पाकळ्या. यात फार वेळ घालवू नकोस. खरी गंमत मधल्या दांड्यात आहे. ती पुंकेसरांची जुळून झालेली नळी. तिच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे परागकोश, बोटाला पराग लागतील. टोकाला पाच मखमली गोळे दिसतात, त्या कुक्षी, पराग इथेच झेलले जातात. आता नळी ब्लेडने हलक्या हाताने उभी चिर. आत दोऱ्यासारखी कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षींना तळाशी जोडणारी दांडी, सापडेल. मी पहिल्यांदा नळीसकट तीही कापली होती! तिच्या मागे मागे तळाशी गेलास की अंडाशय. तो मात्र आडवा काप आणि भिंगातून बघ: पाच कप्पे, त्यांत पांढुरकी बीजांडं. फलनानंतर बीजांडाची बी होते, अंडाशयाचं फळ.

फूल ताजंच हवं, सुकलेल्याची नळी चिकटून बसते.