सेलोवर गज आपटणारी मंडळी

केल्टिक (म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं), ब्लूग्रास (म्हणजे बँजो-फिडलवर चालणारं अमेरिकी लोकसंगीत), जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय असं सगळं एकत्र करणारे तरुण लोकसंगीत बँड म्हणजे नुसती भेसळ तर नाही ना, आणि ऐकायचंच तर सुरुवात कोणापासून करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी एकच नाव सांगेन: क्रुकेड स्टिल. 2001 मध्ये बॉस्टनला जमलेली चार तरुण मंडळी. गायिका ईफा ओ'डोनोव्हन आणि डबल बास वाजवणारा कोरी डिमारिओ न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेतले, सेलोवाला रशाद एगलस्टन बर्कली या संगीत कॉलेजचा, तर बँजोवाला ग्रेग लिस्ट एमआयटीत जीवशास्त्रात पीएच.डी. केलेला. ब्लूग्रास म्हणावं तर मँडोलिन आणि फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) ही हक्काची वाद्यंच त्यांच्यात सुरुवातीला नव्हती. त्यांच्या जागी सेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य.

मी लहानपणी सांगलीत सहा वर्षं व्हायोलिन शिकले, मांडी घालून, गायकी अंगानं. गज खरखरला की गुरुजी हात वर करून थांबवायचे. पुढे नोकरीनिमित्त बॉस्टनला राहात असताना या बँडची सीडी ऐकली, तेव्हा पहिली पाच मिनिटं मला खरंच त्रास झाला. सेलोवाला गज ओढत नव्हता, आपटत होता! याला तिकडे 'चॉप' म्हणतात. गज मुठीकडच्या बाजूनं तारेवर उभा टाकायचा आणि तिथेच रोखायचा. सूर निघत नाही, कोरडा 'खट्ट' निघतो. ब्लूग्रासमध्ये पूर्वापार ड्रम नसतात. दोन मात्रांच्या मधल्या जागेवर मँडोलिनवाला तारा दाबून एक आखूड फटका देतो आणि सगळ्यांना धरून ठेवतो. ते काम फिडलच्या गजानं करायची युक्ती रिचर्ड ग्रीन या फिडलवादकानं 1960 च्या दशकात काढली, डॅरोल अँगरनं ती वाढवली आणि एगलस्टननं ती सेलोवर आणली. चार-पाचदा ऐकल्यावर मला कळलं, की ही खरखर चुकून झालेली नाही. एक हात तबल्याचं काम करतोय आणि पुढच्याच आवर्तनात तोच हात लांब, भरदार सूर ओढतोय. त्यामागे शास्त्रीय तालमीची वर्षं आहेत.

आता भेसळीबद्दल. ब्लूग्रास 'शुद्ध' होतं तरी कधी? त्याची घडी बसवणारा केंटकीचा बिल मन्रो फिडलच्या जुन्या चाली आपल्या मामाकडून शिकला; त्या परंपरेची मुळं स्कॉटलंड-आयर्लंडहून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांत आलेल्या लोकांपर्यंत जातात. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून त्यानं ब्लूज ही कृष्णवर्णीयांची शैली घेतली. बँजो हे वाद्यच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं. आणि एकानं वाजवून बाजूला व्हायचं, मग दुसऱ्यानं पुढे यायचं, ही रीत जॅझची. म्हणजे ही सगळी पाहुणेमंडळी त्या घरात आधीपासूनच राहात होती.

सेलोचंही तेच. अठराव्या शतकातला नामवंत स्कॉटिश फिडलर नील गाऊ नाचाच्या चाली वाजवायचा तेव्हा त्याचा भाऊ डोनाल्ड सेलोवर साथीला असायचा. डेव्हिड ॲलन या चित्रकारानं त्या दोघांना एकत्र रंगवलंय. लोकसंगीतात सेलो आला की आपल्याला तो मैफलीच्या दालनातून उठून आल्यासारखा वाटतो. खरं तर तो आपल्या जुन्या जागी परत बसलाय.

तुम्ही 2006 चा 'शेकन बाय अ लो साउंड' हा अल्बम घ्या आणि शेवटच्या 'विंड अँड रेन' या गाण्यापासून सुरुवात करा. गोष्ट दोन बहिणींची आहे. एक दुसरीला पाण्यात ढकलते. बुडालेलीच्या हाडांची आणि केसांची कुणीतरी फिडल बनवतो. या कथेचं इंग्रजी रूप 1656 मध्ये छापलेलं सापडतं. तेव्हापासून ती समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, गावागावात शब्द बदलले, चाली बदलल्या. जात्यावरच्या ओव्या एका गावातून दुसऱ्या गावात जाताना बदलतात तशाच. ईफा हे गाणं जवळजवळ कुजबुजल्यासारखं गाते. ब्लूग्रासमध्ये आवाज चढ्या पट्टीत ताणून लावायची चाल आहे, ती तिनं सोडली. तिचे वडील आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातले, बॉस्टनच्या रेडिओवर वर्षानुवर्षं केल्टिक संगीताचा कार्यक्रम चालवायचे. ही गाणी तिच्या घरातच होती. खुनाची गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगितली, की अंगावर काटा येतो.

मग त्याच अल्बममधलं 'लिटल सेडी' लावा आणि फक्त बँजो ऐका. ब्लूग्रासमधला नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज याच्यापासून बँजो तीन बोटांनी वाजवायची रीत आहे. लिस्ट चौथं बोटही वापरतो. सुरांची धार कुठे तुटतच नाही.

माझं मत विचाराल तर असे बँड फसतात ते गाणं विसरल्यामुळे. प्रत्येकाला आपली तयारी दाखवायची असते, मग जॅझचा एक तुकडा, बाखचा एक तुकडा, आणि गाणं बिचारं मधे कुठेतरी. क्रुकेड स्टिलमध्ये तयारी भरपूर आहे, पण बाईंचा शब्द सुरू झाला की बाकीचे मागे सरतात. आपल्याकडे साथीला बसणाऱ्याकडून आपण हीच अपेक्षा करतो ना?

एगलस्टन 2007 मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी ट्रिस्टन क्लॅरिज सेलोवर आणि ब्रिटनी हास फिडलवर आली. 2008 चा 'स्टिल क्रुकेड' हा अल्बम त्या पाच जणांचा. मला पहिली चौकडी जास्त आवडते, पण फिडल आल्यावर केल्टिक रंग गडद झाला हे खरं. ब्रिटनीची बहीण नताली हास न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत शिकलेली सेलोवादक आहे. स्कॉटिश फिडलर अलॅस्डेर फ्रेझरबरोबर तिनं 2004 मध्ये 'फायर अँड ग्रेस' हा अल्बम केला. फक्त दोन वाद्यं, एक फिडल आणि एक सेलो, नील आणि डोनाल्डसारखी. क्रुकेड स्टिल आवडलं तर पुढे तोच ऐका, आणि हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर सेलोचा खर्ज हरवतो.