झोपेसाठी सर्दीची गोळी

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील ६८ वर्षांचे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, रावेरजवळ केळीचा मळा आहे. शेतीची लाइट कधी दिवसा कधी रात्री, मोटर चालू करायला उठायची सवयच पडलीये, आता लाइट नसली तरी झोप नाही. मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिली, चिठ्ठी लागत नाही म्हणे. सुरुवातीला मस्त झोपले, आता एकीने भागत नाही म्हणून दोन घेतात, सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, परवा तर दोन पायात दोन वेगळ्या चपला घालून मळ्यात गेले. रात्री लघवीलाही सारखं उठतात. गोळी चालू ठेवावी का? – एक वाचक, रावेर

उत्तर: नाही हो, बंद करा. ती झोपेची गोळी नाहीच मुळी, सर्दी-अ‍ॅलर्जीची आहे, गुंगी हा तिचा साइड इफेक्ट, आणि त्या गुंगीची शरीराला काही दिवसांतच सवय होते, मग दोन घ्या नाहीतर तीन, झोप तेवढीच आणि बाकीचे त्रास मात्र वाढत जातात. म्हातारपणी औषध अंगातून लवकर निघत नाही, चपलांचा घोळ बहुतेक त्यातलाच. वर खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये हेच असतं, बाटलीवर क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन दिसलं की समजा डबल डोस झाला.

मला जास्त खटकतंय ते लघवीचं. या वयात प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असू शकते, आणि ही गोळी लघवी अडवते, एखाद्या रात्री पूर्ण तुंबली तर नळी घालायला दवाखान्यात पळावं लागेल. काचबिंदू असेल तरी ही गोळी नकोच. कदाचित झोप मोडतेय तीच लघवीमुळे, म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे! प्रोस्टेट आणि शुगर दोन्ही तपासून घ्या, बीपीची लघवी होणारी गोळी संध्याकाळी घेत असतील तर ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, संध्याकाळनंतरचा चहा बंद.

आणि गुंगीत ओल्या पायांनी मोटरच्या स्टार्टरला हात? अजिबात नाही, गाडीही नको, दारू तर नकोच नको.

गोळी थांबवल्यावर एक-दोन रात्री झोप आणखी उडेल, म्हणून शेजाऱ्याकडची अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी देऊ नका, ती शेड्यूल एच१ मधली, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली, चिठ्ठीशिवाय विकायचीच नाही आणि विकली की रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, उगाच नाही. नानांच्या सगळ्या गोळ्या, सिरप एका पिशवीत घाला आणि याच आठवड्यात डॉक्टरांसमोर ठेवा. लघवी अडलीच तर मात्र आठवड्याची वाट बघू नका, लगेच न्या.