इराणमधल्या भटक्या जमातींचं पोट कशावर चालतं आणि वाटेतल्या गावांशी त्यांचं जमतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की हे लोक वर्षभर मेंढ्या घेऊन फिरतात तर खातात काय, पैसा कुठून येतो, आणि ज्यांच्या शेताच्या कडेनं हजारो जनावरं जातात ते गावकरी गप्प कसे बसतात. इराणमध्ये बख्तियारी, कश्काई अशा बऱ्याच जमाती आहेत, सगळ्यांबद्दल एकदम लिहायला गेलो तर वरवरचं होईल, म्हणून मी दक्षिण इराणच्या फार्स प्रांतातल्या बासेरी जमातीबद्दलच सांगतो. मानववंशशास्त्र शिकताना त्यांच्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून हा विषय सुटलेलाच नाही. हे फारसी बोलणारे लोक, शिराझ शहराच्या दक्षिणेला जहरोम-लारच्या बाजूच्या उष्ण सखल भागात हिवाळा काढतात आणि नवरोजच्या, म्हणजे मार्चमधल्या इराणी नववर्षाच्या सुमारास निघून उत्तरेला कूह-ए-बूलच्या डोंगरात उन्हाळ्याला पोचतात, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपासचा पट्टा. फ्रेडरिक बार्थ नावाचा नॉर्वेचा अभ्यासक १९५७-५८ मध्ये त्यांच्यासोबत राहिला होता, खाली जे लिहितोय ते मुख्यतः त्या काळचं आहे. तेव्हा साधारण ३००० तंबू, म्हणजे तितकीच कुटुंबं, आणि १६००० माणसं होती.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू, की हे लोक स्वयंपूर्ण असतात, दूध-मांसावर जगतात आणि त्यांना कुणाची गरज नसते. बासेरी माणसाचं रोजचं मुख्य जेवण म्हणजे गव्हाची रोटी, आणि हा गहू बहुतेक गावातूनच येतो. काही जण उन्हाळ्याच्या ठिकाणी पोचल्यावर थोडी पेरणी करतात पण शेतीचं काम त्यांना मनापासून आवडत नाही, बरेचदा गावातलाच कुणीतरी मजुरीवर लावतात. चहा, साखर, खजूर, कापड, बूट, भांडी हे सगळंही विकतच. त्याच्या बदल्यात त्यांच्याकडे देण्यासारखं काय, तर तूप, लोकर आणि कोकरांची कातडी. दुधाचं दही, ते कातडी पिशवीत घुसळून लोणी आणि मग तूप, ताक आटवून-वाळवून त्याचे गोळे, ही सगळी मेहनत बायकांची, आणि तंबूचं काळं कापडसुद्धा बायकाच शेळीच्या केसांपासून विणतात. म्हणजे घरात येणाऱ्या रोख पैशाचा मोठा हिस्सा बायकांच्या हातून तयार होतो, ही गोष्ट या विषयावर बोलताना फार कमी लोक सांगतात.

आता शेजारधर्माचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक कुटुंबाचे वाटेवरच्या गावांमध्ये ठरलेले ओळखीचे व्यापारी-गावकरी असतात. वर्षभर गहू, साखर, कापड उधारीवर घ्यायचं आणि वसंत-उन्हाळ्यात तूप-लोकर आली की फेडायचं. दोघंही एकमेकांत अडकलेले, कारण गावकऱ्याला माहीत असतं की हा माणूस पुढच्या वर्षी याच वाटेनं परत येणार आहे, आणि तंबूवाल्याला माहीत असतं की याच्याशी बिघडवलं तर पुढच्या तंगीत गहू कोण देणार. कापणी झाली की धसकटांवर मेंढ्या चरतात, आपल्याकडे शेतकरी खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवून घेतात त्याच हिशोबानं तिथेही लेंडीखताला किंमत आहे.

भांडणं होतातच, मेंढ्या उभ्या पिकात शिरतात, विहिरीवर बाचाबाची होते. पण यात एक अडचण आहे जी बाहेरून लक्षात येत नाही. गावकरी जागेवर असतो, तो कोर्टात जाऊ शकतो, आठ दिवस थांबू शकतो, अधिकाऱ्याला भेटू शकतो. तंबूवाला थांबू शकत नाही, त्याच्या जनावरांना उद्या पुढचा चारा हवाय, मागून दुसरे कळप येतायत, आणि एकदा का छावणी पुढे गेली की हा एकटा मागे राहून केस कशी लढवणार. म्हणून जमातीचा खान, म्हणजे प्रमुख, असायचा. शिराझमध्ये त्याचं घर, सरकारी लोकांत आणि जमीनदारांत ऊठबस, त्यामुळे आपल्या माणसाच्या वतीनं तो त्यांच्याच पातळीवर बोलायचा. मला तर वाटतं की खानाची खरी सत्ता तलवारीपेक्षा या मध्यस्थीतून आली होती.

आणि नुसते गावकरीच शेजारी नाहीत, दुसऱ्या जमातीही आहेत. एकाच कुरणातून वेगवेगळ्या जमाती जातात, पण वेगवेगळ्या तारखांना. प्रत्येक जमातीचा स्वतःचा 'ईल-राह' असतो, त्यात वाट आणि वेळापत्रक दोन्ही येतं. एक जमात उठून गेली, गवत पुन्हा फुटलं, की दुसरी येते. म्हणजे तुमचा हक्क त्या जमिनीवर कायमचा नसून ठरावीक दिवसांपुरता असतो, आणि कुणी उशीर केला की मागच्यांशी संघर्ष ठरलेला. बासेरी ज्या 'खम्सेह' संघात होते तो पाच जमातींचा संघ १८६१-६२ मध्ये शिराझच्या कवाम घराण्याच्या हाताखाली उभा राहिला, त्यामागे कश्काईंचं वजन कमी करणं हा हेतू होता, म्हणजे शेजारपणात राजकारणही भरपूर.

पैशाचं गणित मात्र एकदा समजलं की सगळं चित्र उलगडतं. एका तंबूला साधारण शंभरेक मेंढ्या-शेळ्या असायच्या, आणि साठच्या खाली गेलं की घर चालणं कठीण. मुलाचं लग्न झालं की त्याचा वाटा लगेच वेगळा काढून देतात, त्यामुळे मोठा कळपही पिढीगणिक फुटत राहतो. ज्याचा कळप साठच्या खाली गेला तो उधारी फेडायला धरून ठेवायच्या माद्यासुद्धा विकतो, मग पुढच्या वर्षी कोकरं आणखी कमी, असं करत शेवटी तो दुसऱ्याची मेंढरं राखायला लागतो किंवा गावात मजूर होतो. उलट ज्याचा कळप फार वाढतो त्याला वेगळीच काळजी, सगळ्या जनावरांवर स्वतः लक्ष ठेवता येत नाही, भाड्याचे मेंढपाळ आपल्यासारखी काळजी घेत नाहीत, आणि एक दुष्काळ किंवा रोगाची साथ आली की सगळं साफ. मग काही कळप अर्धेलीवर देतात, मुदत संपली की जेवढी जनावरं असतील त्यातली निम्मी मालकाला परत, आणि उरलेला पैसा वाटेवरच्या गावात जमीन घेण्यात घालतात. ती जमीन गावकऱ्याला कसायला द्यायची, वाट्याचा गहू मिळतो, गहू विकत घ्यायचा खर्च वाचतो, मग आणखी जमीन, आणि एक दिवस तो माणूस तिथेच घर बांधून राहतो. म्हणजे फार गरीब झालेला आणि फार श्रीमंत झालेला, दोघंही शेवटी गावातच पोचतात, आणि तंबूत राहतात ते मधले. त्यामुळे गावकरी आणि भटके असे दोन वेगळे समाज मानणंच मला पटत नाही, अर्ध्या गावात त्यांचेच भाऊबंद असतात.

जे स्वतःच्या हिशोबानं होत होतं तेच जबरदस्तीनं केल्यावर काय होतं तेही याच लोकांनी भोगलंय. १९३० च्या दशकात इराणचा राजा रेझा शाह यानं त्यांचं स्थलांतर बंद पाडलं, एकाच जागी बसवलं. त्यांच्या मेंढ्या लांब चालायला काटक पण कडक ऊन किंवा कडक थंडी दोन्ही न सोसणाऱ्या, बहुतांश जनावरं मेली. १९४१ मध्ये शाह पायउतार झाला तसे हे लोक पुन्हा वाटेला लागले, उरलेल्या कळपांतून सगळं परत उभं केलं. कुठल्याही सरकारनं 'यांना स्थिर करा' म्हणण्याआधी हा इतिहास वाचावा असं मला फार मनापासून वाटतं.

पुढे १९६३ मध्ये कुरणं सरकारी मालकीची झाली, आणि चराईसाठी गावकऱ्यापेक्षा सरकारी परवानगी महत्त्वाची ठरली. नंतर बरेच जण गावाशहरांत स्थिरावले आणि जे अजून फिरतात त्यांतले पुष्कळ जण मेंढ्या ट्रकमधून नेतात, त्यामुळे पूर्वी ज्या गावांत मुक्काम पडायचे तिथे आता थांबायचं कारणच उरत नाही.