वाचकांचे प्रश्न : बॅटरीवर चालणारे मायटर सॉ यंत्र

प्रश्न : निवृत्तीनंतर तसबिरींच्या चौकटी आणि घरातील लहानसहान फळ्या स्वतः तयार करण्याचा छंद मला लागला आहे. मुलाने नुकतेच १८ व्होल्ट बॅटरीवर चालणारे, २१६ मिलिमीटर व्यासाच्या पात्याचे आणि दांड्यांवर पुढे-मागे सरकणारे मायटर सॉ यंत्र, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापणारी विजेची करवत, आणून दिले. आमच्याकडे येणारे सुतार अशी यंत्रे फरशीवर ठेवून, उकिडवे बसून वापरतात. तसे केले तर चालेल का? दुसरे असे की, ४५ अंशांत कापूनही चौकटीचा चौथा कोपरा उघडा राहतो. यात यंत्राचा दोष आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : फरशीवर ठेवून काम करणे टाळावे. हातकरवतीने कापताना लाकूड पायाखाली दाबून धरण्याची आपल्याकडील सुतारांची जुनी पद्धत आहे आणि त्या करवतीपुरती ती योग्यही आहे, परंतु मिनिटाला सुमारे ४००० फेरे घेणाऱ्या २१६ मिलिमीटरच्या पात्याचे दात ताशी १६० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने धावत असतात, आणि उकिडवे बसल्यावर त्यांच्यासमोर आपला चेहरा येतो, तोलही पक्का राहत नाही. कमरेइतक्या उंचीचे भक्कम टेबल घ्यावे, यंत्राच्या बैठकीला असलेल्या छिद्रांतून बोल्ट घालून ते टेबलास कायमचे जखडावे आणि कापण्याचे डोके पूर्णपणे पुढे ओढल्यावर टेबल कलत नाही ना, हे पाहून घ्यावे. लांब पट्टीचे दुसरे टोक धरण्यासाठी घरातील कोणाला उभे करू नये. मनुष्याचा हात नकळत वर-खाली होतो, काप मिटतो आणि पाते त्यात अडकते. त्याऐवजी यंत्राच्या बैठकीशी समपातळीत येतील असे लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंना ठेवावेत.

तार नसलेल्या यंत्राचा एक धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. तारेचे यंत्र प्लग काढला की मेलेले असते आणि तो काढलेला प्लग डोळ्यांना दिसतो. बॅटरी बसवलेले यंत्र मात्र कोपऱ्यात शांत उभे असले, तरी बोटाच्या एका दाबाने सुरू होते. म्हणून पाते बदलताना, कोन जुळवताना, अडकलेली चिपटी काढताना किंवा नुसते चहा प्यायला खाली जातानाही बॅटरी काढून बाजूला ठेवावी. कामाच्या खोलीत नातवंडे येत असतील, तर बॅटरी कुलपात ठेवणे बरे.

पाते बदलताना स्पिंडलचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या दांड्याचा, खटका दाबून मधला बोल्ट सोडवावा लागतो. बहुतेक यंत्रांत या बोल्टचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तो सैल होतो. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण पान्यावर जोर लावून तो अधिकच आवळून ठेवतात. पात्यावरील बाण आणि यंत्राच्या झाकणावरील बाण एकाच दिशेस हवेत. पात्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त आणि मधल्या छिद्राचे माप यंत्राच्या मापाचे असावे. चौकटींसाठी ४८ किंवा ६० दातांचे पाते घ्यावे. यंत्रासोबत पुष्कळदा येणारे २४ दातांचे पाते झटपट कापते, पण सागवानाच्या पट्टीच्या कडा फाडते. विकत घेताना दातांचा कलही विचारावा. पुढे फार झुकलेल्या दातांचे पाते हातात धरून चालवायच्या गोल करवतीचे असते. ते मायटर सॉवर लावले की लाकूड ओढून घेते. या यंत्रासाठी कल अगदी थोडा किंवा उणे, म्हणजे मागे झुकलेला, असलेला चांगला.

आता प्रत्यक्ष कापण्याकडे वळू. या यंत्रावरील अपघात बहुतेक वेळा लाकूड हलल्यामुळे होतो, आणि म्हणून कापण्यापूर्वी लाकूड खाली बैठकीला व मागे कठड्याला, म्हणजे बैठकीवरील उभ्या पट्टीला, पूर्णपणे टेकले आहे की नाही, हेच सर्वप्रथम पाहायचे असते. पट्टीला बाक असेल, तर तिची फुगीर बाजू कठड्याकडे करावी. जेथे काप घ्यायचा तेथे लाकूड आणि कठडा यांत फट राहता कामा नये. उलट ठेवल्यास शेवटच्या क्षणी पट्टी मध्ये खचते व पात्याला चिमटा घेते. यंत्रासोबत मिळालेला, लाकूड आवळून धरणारा शिकंजा बहुतेक घरांत खोक्यातच पडून राहतो, तो वापरावा. हात पात्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच, दूर असावा, आणि उजव्या बाजूचे लाकूड डाव्या हाताने धरून हातांची कात्री कधीही करू नये. एवढे अंतर राखता येणार नाही इतका लहान तुकडा शिकंज्यात धरावा. तोही बसत नसेल, तर हातकरवत घ्यावी. लहान तुकडा हवा असला की तो नेहमी लांब पट्टीतून कापून घ्यावा आणि पट्टीची लांब बाजू धरावी.

आपले यंत्र सरकणारे असल्याने क्रम महत्त्वाचा आहे. बंद स्थितीत डोके आपल्याकडे ओढावे, मग खटका दाबून पाते पूर्ण गती घेईपर्यंत थांबावे, खाली दाबावे आणि कठड्याच्या दिशेने ढकलत कापावे. आपल्याकडे ओढत कापू नये, कारण पात्याचे खालचे दात कठड्याकडे धावत असतात आणि ओढताना ते लाकडावर चढून डोके आपल्या अंगावर आणू शकतात. काप पूर्ण झाल्यावर खटका सोडावा, डोके खालीच धरून ठेवावे, पाते थांबले की मगच वर उचलावे. फिरते पाते वर घेतल्यास सुटलेली चिपटी दातांत सापडून उडते. पात्याखालचे आपोआप सरकणारे झाकण दिसण्यास अडथळा करते म्हणून ते दोरीने बांधून ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तसे यंत्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. झाकण अडखळत असेल, तर बॅटरी काढून त्यातील भुसा झटकावा. तेवढ्याने न सुधारल्यास यंत्र दुरुस्तीला द्यावे.

चौथ्या कोपऱ्याविषयी म्हणाल, तर दोष बहुधा जुळवणीत आहे. चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप केवळ अर्धा अंश चुकला, तरी चौथ्या कोपऱ्यापर्यंत चार अंशांची तूट जमा होते, आणि ती तेथेच उघडी पडते. बॅटरी काढून, डोके खाली आणून, पाते आणि कठडा यांच्यात गुण्या लावून पाहावा. तो पात्याच्या सपाट भागावर टेकवावा, दातांवर नव्हे, कारण दात पात्यापेक्षा किंचित बाहेर असतात. त्यानंतर एक रुंद, सरळ कडांची पट्टी ९० अंशांत कापावी, तिचा एक अर्धा भाग उलथवावा आणि दोन्ही भाग सरळ कडेला लावून कापलेली टोके जुळवावीत. दिसणारी फट ही मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे डोळ्यांना सहज कळते. चुकीप्रमाणे कठड्याचे बोल्ट सैल करून तो सरकवावा. समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात. त्यासाठी कठड्याला एक आडोसा ठोकळा लावावा, परंतु केवळ धरलेल्या बाजूला. कापून पडणाऱ्या तुकड्यालाही ठोकळा लावल्यास तो पाते आणि ठोकळा यांच्यात अडकून फेकला जातो.

एवढे करूनही काही चौकटी पुढे उघडतात, त्याला कोल्हापूरची हवा कारण असते. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात फुगलेले लाकूड हिवाळ्यात रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही, आणि मग जोड आतल्या बाजूने फाकतो. टिंबर मार्केटमधून आणलेले लाकूड लगेच कापण्याऐवजी काही आठवडे घरात, हवा खेळेल असे रचून ठेवावे.

भुशाची पिशवी थोडाच भुसा धरते, बारीक धूळ हवेत तरंगत राहते. लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात नमूद केले आहे. सागवान व सिसम यांच्या धुळीने कातडीला खाज सुटू शकते, ती वेगळीच. म्हणून एन-९५ दर्जाचा मास्क, बाजूंनीही बंद असलेला चष्मा आणि कानांवर संरक्षक लावावेत व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

प्रश्न : याच यंत्रावर लोखंडी चौकोनी पाइप कापता येईल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. दात तुटून उडतात, आणि ठिणग्या भुशाच्या पिशवीत शिरल्या की आग लागू शकते. लोखंड कापणारे घर्षणाचे चाक आणून यावर बसवणे त्याहूनही वाईट, कारण त्याच्यासाठी लागणारे झाकण या यंत्राला नसते. लोखंडाचे काम उद्यमनगरातील एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घ्यावे. ॲल्युमिनियमची पट्टी मात्र, यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी असल्यास, त्या धातूसाठी असलेले पाते लावून आणि शिकंज्यात धरून कापता येते. तत्पूर्वी पिशवीतला लाकडाचा भुसा रिकामा करावा.

प्रश्न : आमचे घर पंचगंगेच्या पूररेषेत येते. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनंतर आम्ही पुष्कळशी हत्यारे उन्हात वाळवून वापरात आणली. आता बॅटरीवरची यंत्रे घेतली आहेत. बॅटरी भिजली तर तीही तशीच वाळवावी का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : वाळवून वापरू नये आणि चार्जरला तर मुळीच लावू नये. लिथियम-आयन बॅटरीच्या खोक्यात सेलबरोबर नियंत्रणाचे सर्किट असते. पुराचे गढूळ पाणी त्यात शिरल्यावर जोड गंजतात आणि बाहेरून कोरडी दिसणारी बॅटरी पुढे केव्हाही शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. तशी बॅटरी जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, उघड्यावर, सावलीत ठेवावी व विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत ती टाकू नये. फुगलेल्या किंवा उंचावरून पडून तडकलेल्या बॅटरीलाही हेच लागू आहे.

पाऊस बरेच दिवस चालू राहणार असे दिसले की यंत्राच्या आधी बॅटऱ्या आणि चार्जर वरच्या मजल्यावर हलवावेत. बराच काळ वापर नसेल, तर बॅटरी सुमारे अर्धी भरलेली ठेवावी आणि खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकू नये. चार्जिंग त्याच कंपनीच्या चार्जरने, फरशीवर, कोणी जागे असताना करावे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या मोटारीत राहिलेली बॅटरी ४० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते, तेव्हा ती थंड होऊ द्यावी व मगच लावावी. पात्याच्या दातांना पावसाळ्यात फारसे काही होत नाही, परंतु त्यामागची पोलादी चकती गंजते. तिला तेलाचा पुसट हात फिरवून ठेवावा आणि पुन्हा काम करताना कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, अन्यथा पहिल्याच पट्टीवर डाग उमटतात.

प्रश्न : कापताना हातमोजे घालावेत का?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : पाते फिरत असताना घालू नयेत. मोज्याचा धागा दातांत सापडला, तर हातही ओढला जातो. सैल बाही, ओढणी, गळ्यातील साखळी आणि बांगड्या यांनाही हाच नियम लावावा, व लांब केस बांधून घ्यावेत. काढलेले पाते हाताळताना किंवा खरबरीत फळ्या उचलताना मात्र मोजे अवश्य घालावेत.