तुझी म्हैस कोणती?

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

परवा स्वामी स्वरूपानंदांच्या पावसहून परतताना तू आमच्या पडवीत बसलीस, वही उघडलीस आणि म्हणालीस, "काका, सगळं कळतं, पण वळत नाही." दृक्-दृश्य विवेक, म्हणजे पाहणारा वेगळा आणि दिसणारं वेगळं हा विचार, तू फार नेटका मांडलास. तेवढ्यात आईचा फोन आला. "किती वेळा सांगू, जेवले मी!" असं तिच्यावर खेकसलीस, फोन पालथा ठेवलास आणि पुढे चालू केलंस, "हं, तर साक्षी अलिप्त असतो." मी तेव्हा गप्प राहिलो. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझा अभ्यास कच्चा नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन (ऐकणं, विचार करणं, मग त्यातच मुरणं) हा उपनिषदात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला सांगितलेला क्रम तुला पाठ आहे. श्रवणाने प्रमाणाबद्दलची, म्हणजे शास्त्र नक्की काय सांगतं याची शंका फिटते, मननाने प्रमेयाबद्दलची, म्हणजे ते खरं कसं याची. ती दोन्ही तुझी झाली. उरली ती विपरीत भावना. जीव-ब्रह्माचं ऐक्य पटलेलं असूनही हा देह मी, हा मान माझा, ही जुनी सवय. तिला आणखी एक ग्रंथ वाचून काय होणार? आणि तू विचारतेस, आता पुढे काय वाचू! काही वाचू नकोस.

पंचदशी या वेदान्तग्रंथाच्या नवव्या प्रकरणात, ध्यानदीपात, विद्यारण्यांनी एक गोष्ट दोन श्लोकांत सांगून टाकली आहे. एका संन्याशाचा पूर्वाश्रमीच्या म्हशीवर जीव होता. घर सुटलं, म्हैस काही मनातून जाईना, आणि तत्त्व आत शिरेना. गुरूंनी त्याला म्हशीला विसर असं सांगितलं नाही. त्या म्हशीच्याच ठिकाणी तत्त्व सांगितलं, तेव्हा त्याचा अडसर गेला. ('महिषी' म्हणजे राणी असाही अर्थ लावतात. मला म्हैसच बरोबर वाटते.)

ही पंचदशी मी आमच्या देवळात अकरा चातुर्मास सांगितली. म्हशीची गोष्ट दर वेळी पाच मिनिटांत उरकायचो, कारण पुढचं तत्त्वाचं सांगायची घाई. त्याच अकरा वर्षांत माझा आणि थोरल्या भावाचा हद्दीच्या गडग्यावरून दावा चालू होता. कंबरभर उंचीचा जांभ्याचा गडगा आणि त्याला लागून हापूसची दोन कलमं. सकाळी तालुक्याला तारीख, संध्याकाळी देवळात 'नेह नानास्ति किंचन', इथे वेगळं असं काहीच नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांना दावा ठाऊक होता, कोणी चकार शब्द काढला नाही. मोजणी माझ्या बाजूने लागली, हे तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. चूक त्याचीच होती, कागद अजून ट्रंकेत आहेत. पण निकाल लागला त्याच पावसाळ्यात भाऊ गेला. इतक्या वर्षांत मी गडगा ओलांडला तो त्याला खांदा द्यायला.

मग मी प्रवचन बंद केलं. गावाने म्हटलं खचला, कोणी म्हटलं भावाच्या मागे डोक्यावर परिणाम झाला. खचलो नव्हतो. चुकीच्या जागी बसून सांगत होतो, ती जागा सोडली, आणि आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. रोज उजाडता गडग्यापाशी जाऊन उभा राहायचो. शेवाळलेले चिरे, फटींतून वर आलेलं नेचं. ते दिसलं की भावाचं एक जुनं बोलणं आठवायचं, घसा आवळायचा, कानशिलं तापायची. तिथेच बघायचं. घसा आवळला हे कळलं ना? ज्याला कळलं, तो आवळला का? 'मी साक्षी आहे' असं मनात घोकायचं नाही, घोकलंस की तोही एक विचारच. नुसतं बघायचं. कित्येक महिने काही झालं नाही. मग एका सकाळी राग आला, आणि मी त्याच्यामागे गेलो नाही. तो आला तसा गेला. प्रकाश नाही, नाद नाही. भाऊ आणि मी एकच, हे पहिल्यांदाच श्लोक न आठवता कळलं. सांगायला भाऊ नव्हता.

तू पावसला तासभर डोळे मिटून बसलीस आणि "काहीच आलं नाही" म्हणून हिरमुसलीस. अगं, जे येईल ते जाईल, हे तूच मला वहीतून वाचून दाखवलंस! स्वामी स्वरूपानंदांनी १९३४च्या मोठ्या दुखण्यानंतर पुढची चाळीस वर्षं पावसच्या त्या एका घरात काढली, सोऽहं, 'तो मीच', हे धरून. मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेल्या निसर्गदत्त महाराजांना गुरूंनी 'मी आहे' या जाणिवेला धरून राहायला सांगितलं. त्यांनी ते धरलं, आणि मुंबईत विड्यांचं दुकानही चालवलं. दोघांनी एकच धरलं. तुझ्या वहीत सतरा वाक्यं आहेत. एकच घे. आणि ते देवळात नको, म्हशीपाशी घेऊन जा.

तुझी म्हैस मला परवा दिसली. "जेवलीस का?" हे तीन वेळा विचारणारा आईचा आवाज. तो कानावर पडला की तुझ्या छातीत जे घट्ट होतं, तिथे तुझं निदिध्यासन. त्या एका श्वासात. तो निसटला तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारणारच आहे. मला माझ्या भावाने पुन्हा विचारलं नाही, म्हणून तुझ्यावर एवढा चिडतो आहे. रागावू नकोस.

हे पत्र संपलं की आईला फोन कर. काय जेवलीस ते नीट सांग, भाजी कोणती होती तेसुद्धा.

पुढच्या खेपेला वही आणू नकोस. गडग्याचे चार चिरे मी काढून ठेवले आहेत, तिथून पलीकडे जाता येतं. आपण वहिनीकडे चहा घेऊ.

तुझा,
काका